मागच्या खोलीपर्यंत वाय-फाय कसं पोचवावं

आतल्या खोलीत वाय-फाय येत नाही म्हटलं की लोक नवा राउटर शोधायला लागतात. त्याआधी तासभर काढून खालच्या गोष्टी करून पाहा. पुष्कळदा राउटर धडधाकट असतो, त्याची जागा चुकलेली असते.

१. आधी दोष कुठे आहे ते ठरवा

नेट स्लो असण्याची कारणं दोन ठिकाणी असू शकतात: बाहेरून घरात येणारी लाइन, किंवा राउटरपासून फोनपर्यंतचा बिनतारी टप्पा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट घ्या. मग केबल काढून राउटरशेजारीच वाय-फायवर घ्या, आणि शेवटी त्या अडचणीच्या खोलीत. केबलवरच वेग कमी आला तर राउटर कितीही हलवा, फरक पडणार नाही; कंपनीकडे तक्रार करा.

प्लॅनमधले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे फाइल डाउनलोड होताना सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट दिसतील. यात फसवणूक नाही. राउटरच्या खोक्यावरच्या आकड्याबद्दल मात्र तसं म्हणवत नाही: तिथे सगळ्या बँडचे (म्हणजे २.४, ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या पट्ट्यांचे) कागदावरचे वेग बेरीज करून छापलेले असतात, आणि फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो.

२. सिग्नल मोजा

फोनवरच्या सिग्नलच्या रेघा फार ढोबळ असतात. अँड्रॉइडवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घ्या, ते सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दाखवतं. आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८०ला फोन जोडलेला दिसतो पण पान काही उघडत नाही. आकडा दर १०ने घसरला की ताकद दहावा हिस्सा उरते, म्हणजे उणे ५० ते उणे ८० या प्रवासात हजार भागांतला एकच भाग शिल्लक राहतो. प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहून ठेवा.

३. राउटर हलवा

खरा फरक इथे पडतो. लाइन जिथून घरात शिरते तिथेच राउटर ठोकलेला असतो, कारण बसवणाऱ्याला ते सोयीचं. पण तो बाहेरच्या भिंतीला असेल तर बऱ्याचशा लहरी घराबाहेरच जातात. लांब केबल टाकून तो घराच्या मध्याकडे न्या, उंचावर आणि उघड्यावर ठेवा. दिसायला बरा नाही म्हणून कपाटात किंवा टीव्हीमागे दडवू नका.

वाटेत काय आहे तेही बघा. लोखंडी कपाट, फ्रिज आणि आरसा (त्याच्यामागे धातूचा पातळ थर असतो) लहरी परतवतात. माशांच्या टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं. सळ्यांचं काँक्रीट साध्या विटांच्या भिंतीपेक्षा बरंच जास्त अडवतं. शिवाय लहर भिंतीतून तिरकी गेली की तिला तीच भिंत जास्त जाड पडते. म्हणून कधीकधी राउटर हातभर सरकवला, समोर उघडं दार आलं, तरी आकडा सुधारतो.

अँटेना नको असलेल्या दिशेला असतील तर त्याही सुधारा. बरेच जण त्या भाल्यासारख्या खोलीकडे रोखून ठेवतात आणि नेमकं उलटं होतं: लहरी अँटेनाच्या बाजूंना पसरतात, टोकाच्या दिशेने फारच थोड्या जातात. एकाच मजल्यासाठी अँटेना सरळ उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर एखादी आडवी करा. मग पुन्हा खोलीखोलीत आकडे घ्या.

४. बँड आणि चॅनल

लांबवर आणि भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झ बरा पोचतो, वेग ५ गिगाहर्ट्झवर जास्त मिळतो. २.४वर गर्दी फार: ब्लूटूथ, शेजारचे राउटर, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा २.४५च्या आसपासच चालतो. ओव्हन लावला की व्हिडिओ अडकत असेल तर फोन ५वर न्या. २.४वरच राहायचं असेल तर १, ६, ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल (बँडमधला छोटा कप्पा) राउटरच्या सेटिंगमध्ये घ्या. ३ किंवा ४ घेतला तर १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट पदरात पडतो.

५. एवढं करूनही नाही पोचलं तर

रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) स्वस्तातला उपाय, पण तो एकाच बँडवर ऐकून पुन्हा बोलत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. आणि तो सिग्नल नसलेल्या खोलीत लावू नका. अधेमधे, जिथे आकडा अजून बरा आहे तिथे लावा. त्याहून चांगलं म्हणजे त्या खोलीपर्यंत लॅन केबल (१०० मीटरपर्यंत चालते) नेऊन टोकाला जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट वाय-फायने पसरवणारं यंत्र) म्हणून बसवणं.

जास्त ताकदीच्या राउटरच्या जाहिरातीला भुलू नका. त्याचं बोलणं फोनला ऐकू जाईल, रेघाही भरलेल्या दिसतील, पण फोनचं उत्तर राउटरपर्यंत जायला हवं ना! बॅटरीवरच्या एवढ्याशा फोनची ताकद तेवढीच राहते. त्यातून एका चॅनलवरची सगळी उपकरणं आळीपाळीनेच बोलतात. त्यामुळे टीव्ही, डेस्कटॉप अशा जागचं न हलणाऱ्या वस्तूंना केबल देऊन टाका, म्हणजे त्यांच्या वाट्याचा वेळ फोनना मिळेल.