एका रेघेची अक्षरं ॲनिमेट करताना या चुका टाळा

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात प्रत्येक मंडळाला ‘हाताने लिहिल्यासारखा’ शुभेच्छांचा व्हिडिओ हवा असतो, आणि दर वर्षी त्याच चुका होतात.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाइप करायचा, ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ दाबून त्याची आकृती करायची आणि वर रेघ हळूहळू उमटवणारं ट्रिम पाथ्स लावायचं. मग रेघ लिहीत नाही, अक्षराच्या कडा गिरवत फिरते. फॉन्टचं अक्षर ही बंद आकृती असते; कितीही बारीक फॉन्ट घ्या, कडा दोन राहणारच. इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून ‘आउटलाइन स्ट्रोक’ (रेघेची बंद आकृती) करून आणलेल्या अक्षरांचं तेच. इथे शॉर्टकट नाही. टाइप केलेला शब्द फिका करून लॉक करा आणि पेन टूलने मधोमध रेघ ओढा. फिल (आतला रंग) बंद, 1920 × 1080 साठी स्ट्रोक (रेघेची जाडी) 10 पिक्सेल, कॅप (टोकं) आणि जॉइन (सांधे) दोन्ही राउंड. ‘व’च्या पोटाला चार बिंदू पुरतात. बारा टाकले तर रेघ थरथरते, आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या.

दुसरी चूक शिरोरेषेची. एका मंडळाच्या एलईडी पडद्यावर ‘शुभेच्छा’ उमटल्या, शेवटी वरून शिरोरेषा सरकन गेली आणि झालं ‘शुमेच्छा’. मंडपात हशा, आरतीपर्यंत चालू. कारण साधं: ‘भ’च्या डोक्यावरची गाठ उघडी असते, रेघ फक्त कान्यावर. ती झाकली की ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’. मराठी वळणाच्या ‘श’लाही गाठीवर रेघ नसते. म्हणून ‘शुभेच्छा’ची शिरोरेषा दोन पाथमध्ये (पेनने ओढलेल्या रेघांत) काढायची: पहिला ‘श’च्या कान्यावर, ‘भ’च्या गाठीआधी थांबणारा, दुसरा ‘भ’च्या कान्यापासून शेवटच्या कान्यापर्यंत. पहिल्याला 3 फ्रेम, एक फ्रेम रिकामी, दुसऱ्याला 7. रेघ अक्षरांनंतरच, आणि ‘भे’ची मात्रा रेघेच्याही नंतर. आधी रेघ मारून तिला अक्षरं लटकवणाऱ्यांनी कधी कित्ता गिरवला नसावा.

रेघ उलटी धावतेय? पाथ डावीकडून ओढलेला नाही. त्या पाथचं ‘रिव्हर्स पाथ डायरेक्शन’ दाबा.

सगळी अक्षरं एकदम उमटतात? ट्रिम पाथ्समधलं ‘ट्रिम मल्टिपल शेप्स’ हे ‘सायमल्टेनियसली’वर आहे. ‘इंडिव्हिज्युअली’ केलं की पाथ एकामागून एक येतात, पण हात उचलल्याचा विराम मिळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक अक्षराच्या ग्रुपमध्ये वेगळं ट्रिम पाथ्स, ‘एंड’ 0 ते 100 टक्के, सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगात 10 ते 14 फ्रेम, आणि दोन अक्षरांमध्ये 2 फ्रेम मोकळ्या. कंटाळवाणं आहे, पण लिहिल्यासारखं दिसतं ते यानेच.

प्रत्येक की-फ्रेमला ‘ईझी ईझ’ (हळू सुरुवात, हळू शेवट) लावू नका. अक्षरागणिक गचके बसतात. लांब कान्यांना आणि शिरोरेषेला पुरे.

अनुस्वाराला ट्रिम पाथ्स लावत बसू नका. टिंबाचा स्केल 3 फ्रेममध्ये 0 वरून 100 करा.

जुन्या आवृत्तीत टाइप करतानाच जोडाक्षर तुटत असेल तर प्रेफरन्सेसमधलं टेक्स्ट इंजिन (अक्षरं जुळवणारी सेटिंग) दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडा. तुटका ‘च्छ’ गिरवला तर रेघही तुटकीच येणार.