नागपूरहून विमानाला नेमका किती वेळ लागतो? असा काढा हिशेब

नागपूर ते मुंबई किती लांब, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड करत जाणारी रेल्वे 837 किलोमीटर धावते. हवाई अंतर मात्र साधारण 685 किलोमीटरच भरतं. विमानाच्या वेळेसाठी हेच तिसरं अंतर धरा.

आधी अंतर काढा. झीरो माइलपासून मोजू नका, विमानतळ ते विमानतळ मोजा. गूगल मॅपवर सोनेगावच्या विमानतळावर बोट दाबून धरा, ‘अंतर मोजा’ निवडा आणि नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळापर्यंत न्या. मुलांकडून कागदावरही करून घेता येतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, आणि आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे 104. मुंबईचा विमानतळ आपल्यापेक्षा 2 अंश दक्षिणेला आणि 6.2 अंश पश्चिमेला आहे. म्हणजे 222 आणि 645. पायथागोरस लावला की 682 येतात. भूगोल आणि गणित एकाच वेळी पक्कं होतं, म्हणून मला ही रीत फार आवडते.

आता वेळ. जेट विमानासाठी अंतराला 800 ने भागा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी 35 मिनिटं मिळवा. मुंबईसाठी 51 अधिक 35, म्हणजे जवळपास दीड तास. दिल्ली 850 किलोमीटर, म्हणून एक तास चाळीस मिनिटं. तिकिटावर पंख्याचं एटीआर विमान दिसलं तर 800 ऐवजी 500 धरा.

जाण्यायेण्याची वेळ सारखी नसते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. मुंबईहून येताना ते पाठीशी असतात, जाताना समोरून येतात.

परदेशी जाणार असाल तर घड्याळाकडे नीट लक्ष द्या. तिकिटावर उतरण्याची वेळ तिथली स्थानिक असते. शारजा आपल्या दीड तास मागे आहे. समजा विमान पहाटे 4 ला निघून 6 ला पोहोचणार असेल, तर प्रवास दोन नव्हे, साडेतीन तासांचा आहे.

शेवटी घरापासूनचा वेळ जोडा, कारण खरी गडबड इथेच होते. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला लागून नाही. सामान असेल तर तिथून रिक्षा लागेल. सीताबर्डीहून निघताना विमानाच्या अडीच तास आधी घर सोडा. मुंबईत उतरल्यावर बॅग घेऊन शहरात पोहोचायला दीड तास धरा. दीड तासाचं विमान असं साडेपाच तासांचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच काम असेल, तर रात्रभराची दुरांतो मला जास्त सोयीची वाटते.