नागपूरहून सिंधुदुर्गला निघण्याआधी

आधी महिना ठरवा, तिकीट मग. समुद्र कधीही दिसतो, पण मासळी, काजू, आंबा यांवर तिथली घरं कशी चालतात ते पाहायचं असेल तर मोसम साधायला हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही थांबतात. माझं मत एप्रिलला: बागांत हापूसची काढणी आणि कारखान्यांत नवी काजू बी.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नागपूर–मडगाव विशेष गाडी तेव्हा चालू असेल तर तीच धरा, थेट कुडाळला उतरता येतं. नसेल तर मुंबईला गाडी बदला. कुडाळहून मालवण तासाभरावर.

कपडे सुती आणि नेहमीपेक्षा जास्त. आपल्या कोरड्या पंचेचाळीस अंशांची सवय तिथे कामी येत नाही. पारा कमी असतो, पण घाम वाळत नाही. चामड्याच्या चपला घरीच ठेवा.

पंचांगाचा फोटो मोबाइलमध्ये घ्या. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. मुलांना पाण्यात सोडण्याआधी हा हिशेब कराच, शिवाय गावातल्या माणसाला विचारा.

तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागली असेल तर बाकीचा बेत पुढे ढकला. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. माणसांच्या दोन रांगा दोर ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी बांगडे, तारल्या, पेडवे वाळूवर उसळतात. मग त्याचे वाटे पडतात. ती त्यांची रोजी आहे. दोराला हात लावायचा किंवा फोटो काढायचा तर आधी विचारा. मासे तिथेच घ्यायचे असतील तर सुटे पैसे जवळ हवेत.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी सकाळ राखून ठेवा. १६६४ मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर तो बांधायला घेतला. भोवती खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, त्या पाहिल्याशिवाय परतू नका.

काजू कारखान्यात जायचं तर मालकाला आदल्या दिवशी फोन करा. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, म्हणून मुलांना बी हाताळू देऊ नका. एकेक बी यंत्रात धरून गर अखंड काढणाऱ्या बायकांचे हात जवळून पाहिले की काजूचा भाव जास्त वाटत नाही. प्रतवारीत २४० म्हणजे पौंडाला साधारण तेवढे नग. आकडा लहान तितका काजू मोठा.

येताना बॅगेत जागा हवी. आमसुलं घ्या, आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली प्रवासात गळते. सावंतवाडीला गेलात तर चितारआळीतली लाकडी खेळणी कपड्यांत गुंडाळा. हापूस मात्र झाडावरून झेल्याने, म्हणजे जाळी बांधलेल्या काठीने, उतरवलेला, कच्चाच घ्या, गवतात भरून. गाडीत पेटीवर सामान रचू नका आणि घरी आल्यावर आंबे फ्रिजमध्ये न ठेवता गवतातच पिकू द्या.