फिक अडली की आधी मागचं प्रकरण उघडा

तुम्ही फॅनफिक लिहिता, म्हणजे आवडत्या मालिकेची पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहायची कथा. कॅनन (मूळ मालिकेतलं अधिकृत कथानक) म्हणजे काय, एयू (पात्रं तीच, जग वेगळं) कशाला म्हणतात, टॅग कसे लावायचे, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मला बोलायचंय ते पुढच्या टप्प्याबद्दल. सहा-सात प्रकरणं धडाधड लिहून होतात, शेवट डोळ्यांसमोर लख्ख असतो, आणि आठव्या प्रकरणाची फाइल उघडली की हात चालत नाही. एक ओळ लिहायची, पुसायची, मग मालिकेचा जुना एपिसोड लावायचा. ‘संदर्भासाठी’.

नव्या लोकांना वाटतं, सुचत नाही म्हणून अडलंय. फॅनफिकमध्ये हे कारण तसं क्वचितच असतं. पात्रं आयती, जग आयतं, त्यांचा भूतकाळ आयता, वाचकांचा जीवही त्यांच्यावर आधीच जडलेला. कोऱ्या कागदाची धास्ती आपल्या वाट्याला येते ती पहिल्या पानापुरतीच. पण मधेच गाडं अडतं तेव्हा बिघाड बहुतेक वेळा एक-दोन प्रसंग मागे झालेला असतो. आपण मात्र जिथे थांबलो तिथेच डोकं आपटत बसतो.

एक उदाहरण तपशिलात सांगते, कारण हे नुसतं ऐकून पटत नाही. माझ्या एका मोठ्या फिकमध्ये एक कॅप्टन होता आणि त्याच्या जहाजावरची डॉक्टर. मालिका कुठली ते विचारू नका. दोघंही ताठ. एकमेकांना कायम ‘तुम्ही’. सगळी कथा मी रचली होती ती नवव्या प्रकरणातल्या एका भांडणासाठी. एका खलाशाचा जीव जातो आणि डॉक्टर पहिल्यांदा कॅप्टनवर ओरडते. तिथे तिच्या तोंडून ‘तू’ निसटणार होतं: ‘तू त्याला खाली पाठवलंस.’ बस. बाकी काही नाही. हे वाक्य कथा सुरू करण्याआधीपासून माझ्याकडे होतं.

नववं प्रकरण आलं आणि भांडण काही पेटेना. दोघं समजूतदारपणे बोलायला लागायची. मी आवाज चढवले, टेबलावर मुठी आपटायला लावल्या, वादळ आणलं. ढिम्म नाही. बरेच महिने ती फाइल तशीच पडून होती आणि मी सगळ्यांना सांगत होते की मला राइटर्स ब्लॉक आलाय. तो शब्द उच्चारला की कसं, आजारपणाची रजा मिळाल्यासारखं वाटतं.

बिघाड होता पाचव्या प्रकरणात. डेकवर रात्रीचा एक प्रसंग होता. दोघं गप्पा मारतात, तो आपल्या भावाबद्दल सांगतो, ती गहिवरते, आणि बोलता बोलता दोघं ‘तू’वर येतात. फार गोड प्रसंग. कौतुकही भरपूर झालं. पण पुढच्या भांडणाचं सगळं इंधन मी त्या रात्रीच जाळून टाकलं होतं. जे ‘तू’ नवव्या प्रकरणात कानाखाली बसायला हवं होतं, ते चार प्रकरणं रोजच्या वापरात गुळगुळीत झालं होतं.

मग दुरुस्त करायचं की पाचवं प्रकरण! इथेच तर खरा सापळा आहे. पाचवं प्रकरण केव्हाच प्रकाशित झालं होतं.

आता हा सापळा नीट समजून घ्या. मी जरा जास्तच बोलणार आहे त्यावर. कथा पुरी व्हायच्या आत प्रकरणागणिक टाकत जायची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे. एओथ्रीवर (‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅनफिकच्या संकेतस्थळावर) तर त्याची सोयच आहे: प्रकरणांच्या आकड्यापुढे तिरकी रेघ आणि प्रश्नचिन्ह, ५/?. एकूण किती होणार ते लेखकालाही माहीत नाही, हे जाहीर करून टाकायचं. पहिली दोन-तीन प्रकरणं या पद्धतीत मजा येते, ते मी नाकारत नाही. कुडोज (तिथली ‘आवडलं’ची खूण) येतात, कोणीतरी लांबलचक प्रतिक्रिया लिहितं, आपण दिवसातून पंधरा वेळा आकडा बघतो. पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापासून तीन गोष्टी सुरू होतात आणि तिन्ही इतक्या हळू होतात की कळत नाहीत.

एक म्हणजे वाचक जे मागतात ते आपण थोडं लवकर देऊन टाकतो. माझा तो डेकवरचा प्रसंग मूळ आराखड्यात नव्हताच. ‘आता तरी दोघांना एकत्र बसवा ना’ अशा प्रतिक्रिया आल्या म्हणून मी दोघांना बसवलं. वाचकांचा यात काही दोष नाही, मागणं हा त्यांचा हक्कच आहे. दुसरं, कोणीतरी हुशार वाचक पुढचं रहस्य अचूक ओळखतो आणि प्रतिक्रियेत लिहून मोकळा होतो. आपण बिथरतो आणि रहस्य बदलतो. हे तर कधीच करू नका. त्यानं ओळखलं याचा अर्थ तुम्ही पेरणी नीट केली होती. बदललेलं रहस्य आधीच्या पेरणीशी जुळत नाही, आणि मग पुढची प्रकरणं जुळवाजुळवीत जातात. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट: मागचं सगळं गोठतं. तांत्रिकदृष्ट्या प्रकाशित प्रकरण केव्हाही बदलता येतं, पण बदल केल्याची मेल कोणाला जात नाही आणि एकदा वाचलेलं प्रकरण परत कोणी वाचत नाही. म्हणजे तुमच्या फाइलमध्ये एक पाचवं प्रकरण आणि वाचकांच्या डोक्यात दुसरंच. बिघाड मागे, आणि मागे जायला वाट नाही. त्याला आपण राइटर्स ब्लॉक म्हणत बसतो.

पूर्वीच्या चाहत्यांना ही भानगड एवढी नव्हती. १९६७ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ नावाचं फॅनझीन, म्हणजे चाहत्यांचं घरगुती नियतकालिक, काढलं, त्या काळात अंक छापून, टपालानं पोचून, वाचकाचं पत्र येईपर्यंत लेखक त्या गोष्टीतून कधीच बाहेर पडलेला असायचा. १९९८ मध्ये फॅनफिक्शन डॉट नेट आलं, २००९ मध्ये एओथ्री सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि आता प्रकरण टाकल्यावर चहा निवायच्या आत प्रतिक्रिया येते. ती मला नको आहे असं नाही. मला ती कथा संपल्यावर हवी आहे, एवढंच.

तेव्हा पहिली मोठी फिक पूर्ण लिहून मगच टाका. पूर्ण म्हणजे पूर्ण. ‘बरीचशी’ चालणार नाही. नंतर आठवड्याला एक प्रकरण टाका, वाचकांना काय कळणार आहे? आणि एवढा धीर धरवत नसेल (बहुतेकांना धरवत नाही, मला समजतं), तर निदान तीन-चार प्रकरणं हातात राखून ठेवा, म्हणजे मागे जाऊन खिळा ठोकायला जागा राहते. एक मात्र सांभाळा: ती एओथ्रीच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नका. तिथला अप्रकाशित ड्राफ्ट महिनाभरात आपोआप पुसला जातो.

आधीच अडकला असाल तर घाबरू नका. त्यावरही उपाय आहे.

सगळं पहिल्यापासून वाचा, पण दुसऱ्या कोणाची फिक वाचावी तसं. फॉन्ट बदला, फोनवर घ्या, मोठ्यानं वाचा, काहीही करा. वाचताना एकच जागा शोधायची: शेवटचं असं वाक्य, जे लिहिताना तुम्हाला मजा आली होती. मजा आली होती की नाही हे नेमकं आठवतं, आश्चर्य वाटेल इतकं नेमकं. त्या वाक्यानंतरचं सगळं उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाका. माझ्या त्या फाइलचं नाव ‘भंगार’ आहे. पुसू नका, भंगारातून बरंच काही परत येतं. मग त्या वाक्यापाशी उभं राहून विचारा: या क्षणी हे पात्र समोरच्यापासून काय लपवतंय? उत्तर ‘काही नाही’ असं आलं तर तुम्हाला बिघाड सापडला. ज्यांच्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही अशी दोन माणसं प्रसंगाला पुढे ढकलू शकत नाहीत.

कॅप्टन-डॉक्टरचं मी शेवटी काय केलं? डेकवरचा प्रसंग ठेवला, कारण तो वाचला गेला होता. सहाव्या प्रकरणात एक छोटा प्रसंग घातला: दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर तो तिला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणतो. थंडपणे. ती काही बोलत नाही आणि तीही ‘तुम्ही’वर जाते. झालं. इंधन परत भरलं. नवव्या प्रकरणाच्या सुरुवातीला वाचकांसाठी दोन ओळींची टीप लिहिली की सहाव्यात भर घातली आहे, तेवढी वाचून या. कोणीही कुरकुर केली नाही. ते भांडण मग एका बैठकीत झालं.

प्रकरण आधीच प्रकाशित झालेलं असेल तर अशी जागा शोधावी, जिथे दिलेलं परत काढून घेता येईल. बहुतेकदा सापडते.

काहींचं अडणं वेगळ्या जातीचं असतं. ज्या प्रसंगासाठी फिक सुरू केली तो प्रसंग ‘बक्षीस’ म्हणून राखून ठेवायचा आणि तिथवरचा रस्ता मुकाट्यानं तुडवायचा, असा सल्ला फार फिरतो. मला तो अजिबात मान्य नाही. तो प्रसंग आधी लिहा, आज लिहा. लिहिल्यावर कळतं की त्याला लागणाऱ्या दहा गोष्टींपैकी सहा आधीच्या प्रकरणांत नकोच होत्या. मधल्या कंटाळवाण्या जागी चौकोनी कंसात ‘इथे पळापळ’ असं लिहून पुढे चला. कॅननचा तपशील अडला तरी हेच. जखम डाव्या खांद्याला होती की उजव्या, हे बघायला विकी उघडलात की दोन तास गेले, आणि वर काम केल्याचं समाधान. फुल्या मारा, शेवटी एकदम तपासा.

हात अगदीच आखडला असेल तर ड्रॅबल लिहा, मोजून १०० शब्द. ना ९९, ना १०१. शब्द मोजण्यात मन गुंततं आणि चांगलं-वाईट ठरवायला सवड राहत नाही. नाहीतर ‘पाच वेळा असं झालं आणि एकदा झालं नाही’ हा आपला जुना साचा घ्या. याला कथानक लागत नाही, सहा तुकडे लागतात, आणि चौथ्या तुकड्यापर्यंत पात्राबद्दल काहीतरी असं सापडतं जे मोठ्या फिकला उपयोगी पडतं. शब्दसंख्येच्या शर्यतींबद्दल मात्र मी साशंक आहे. नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहायचा उपक्रम १९९९ मध्ये सुरू झाला होता. तो चालवणाऱ्या संस्थेनं २०२५ मध्ये गाशा गुंडाळला, पण ती सवय लोकांत राहिली आहे. ज्याचं गाडं सुरळीत चाललंय त्याला शर्यत बरी. अडलेल्या माणसानं रोज १,६६७ शब्द पाडले तर बिघाडाच्या पुढे आणखी ५०,००० शब्द चढतात.

आणि एआयकडून ‘फक्त हा एक प्रसंग’ लिहून घ्यायचा मोह. घेऊन बघा, मनाई कशाला? तुमचा तिरसट कॅप्टन अचानक समुपदेशकासारखा बोलायला लागेल, आपल्या भावना नीट नावं घेऊन सांगेल आणि प्रसंगाच्या शेवटी खिडकीबाहेर बघेल. पात्राचा आवाज ही आपल्या धंद्यातली एकमेव गोष्ट आहे जी आयती मिळत नाही. तीच बाहेरून आणायची म्हटल्यावर राहिलं काय?

बीटा रीडरबद्दल, म्हणजे टाकण्याआधी कथा वाचून सूचना देणाऱ्याबद्दल, थोडं. ‘अप्रतिम, पुढचा भाग कधी’ म्हणणारा बीटा नको, तो वाचक झाला. तुमची वाक्यं स्वतःच्या शैलीत बदलून देणारा तर त्याहून नको, मग भाषा कितीही शुद्ध असो. मला सगळ्यात उपयोगी पडलेली मैत्रीण व्याकरणात कच्ची आहे. ती समासात एवढंच लिहिते: ‘इथून पुढे मी भरभर वाचलं.’ कारण देत नाही. कारण शोधणं माझं काम.

‘मेरी सू’ (लेखिकेनं स्वतःलाच आदर्श करून घातलेलं पात्र) म्हणतील या भीतीनं कित्येकांचं स्वतःचं पात्र घालायचं राहून जातं. हे नाव १९७३ मधल्या एका विडंबनकथेतून आलं. ‘स्टार ट्रेक’च्याच एका फॅनझीनमध्ये पॉला स्मिथ यांनी ती लिहिली होती, आणि तेव्हापासून ते नव्या लेखकांच्या मानगुटीवर आहे. तुमचं पात्र सगळ्यांपेक्षा हुशार, देखणं, जखमी आणि लाडकं आहे? असू दे. पहिल्या फिकमध्ये ते लिहून टाका, एकदाचं बाहेर पडेल.

नवा सीझन आला आणि तुमच्या कथेवर पाणी पडलं, तर त्यात अडण्यासारखं काहीच नाही. ‘कॅनन डायव्हर्जन्स’चा (इथून पुढे मूळ कथेशी फारकत) टॅग लावा आणि चालू ठेवा. निम्मे वाचक त्या सीझनवर चिडूनच तुमच्याकडे येणार आहेत.

कधीकधी मात्र मागे काही बिघडलेलं नसतं. परीक्षा असते, घरात आजारपण असतं, माणूस थकलेला असतो. अशा वेळी वरच्या कुठल्याच युक्तीचा उपयोग नाही, आणि स्वतःला छळू नका. हा छंद आहे. याचे पैसे मिळत नाहीत आणि एओथ्रीवर तर मागायलाही बंदी आहे, मग कसली मुदत न् कसलं काय. पुढचं प्रकरण येत्या रविवारी नक्की, असली वचनं देऊ नका. रविवार फार लवकर येतो.

आणि एखादी फिक खरोखरच पुरी होणार नाही असं दिसलं, तर पुसून टाकू नका. एक शेवटचं प्रकरण टाका आणि पुढे काय होणार होतं ते दोन परिच्छेदांत साध्या भाषेत सांगून द्या: कोण मरतं, कोण माफी मागतं, ते पत्र कोणी लिहिलं होतं. वाचक एवढ्यावर खूश होतात, खरंच. नाव नको असेल तर एओथ्रीवर कथा अनाथ करायची सोय आहे. तुमचं नाव निघतं, कथा जागेवर राहते आणि कोणाच्या बुकमार्कमधून ती नाहीशी होत नाही.