भिगवणला कॅमेरा घेऊन निघण्याआधी

बॅटऱ्या चार्ज, कार्डं रिकामी, लेन्स पुसलेली, हे आदल्या रात्रीच उरका. त्यानंतरचा वेळ पाणी आणि सूर्य यांचा विचार करण्यात घालवा, कारण भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर (धरणामागे पसरलेल्या पाण्यावर) पक्षी भरपूर भेटतात, स्वच्छ पार्श्वभूमी मात्र शोधावी लागते. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर रोहितांची (फ्लेमिंगोंची) फार आशा धरू नका. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की ते उतरतात, म्हणून साधारण जानेवारी ते मार्च हे दिवस धरा.

कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याशी फोनवर बोलून होडी एकट्यापुरती किंवा दोघांपुरती ठरवा. सहाजणांच्या होडीत हव्या त्या कोनासाठी थांबता येत नाही. उजाडता उजाडता पाण्यात असायचं. निघतानाच दादांना सांगून ठेवा, की पक्ष्यांच्या पूर्वेकडून जाऊया, ऊन आपल्या पाठीवर हवं. वाराही पाठीमागून असेल तर उत्तम, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात आणि तसेच उडतात.

ट्रायपॉड घरीच ठेवा, डुलत्या होडीत तो अडचणच. तांदूळ भरलेली बीनबॅग घ्या, होडीच्या काठावर टेकवा आणि फळीवर न बसता खाली, जवळजवळ तळाशीच बसा. उभं राहून फोटो काढलेल्या शेकाट्याच्या (लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या) मागे चिखल, शेवाळ, जाळ्यांना बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं येतं. तोच शेकाट्या पाण्यालगतच्या कोनातून घेतला की मागचा किनारा लांब जातो आणि विरघळतो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) उघडं ठेवून मागचं सगळं धूसर होईल या भरवशावर राहू नका. पक्षी दहा मीटरवर आणि वेड्या बाभळीचं झुडूप त्याच्या मागे दोन मीटरवर असेल, तर महागडी लेन्सही काटे लपवणार नाही. झुडूप पन्नास मीटर मागे असेल, तर साधी ४०० मिमी, एफ ५.६ लेन्सही पुरते. त्यामुळे आधी मागचा भाग बघा, विजेचा खांब चोचीतून उगवत नाही ना ते तपासा, आणि होडी हातभर सरकवायला सांगा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं.

पांढऱ्या पक्ष्यांसाठी हायलाइटची सूचना (फोटोतला जास्त उजळलेला भाग दाखवणारी) चालू ठेवा. काळसर पाण्यावरचा चमचा (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी) किंवा बगळा असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी करा, नाहीतर पिसांचा चुना होतो. उजळ आभाळावरच्या गडद पक्ष्याला उलट एक स्टॉप वाढवून द्या. उडत्या नदी सुरयासाठी (टर्न पक्ष्यासाठी) शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

थवा उडवून द्यायला नावाड्याला कधीच सांगू नका. तो आपणहून होडी दामटू लागला तर नम्रपणे थांबवा. फोटोपुरता उडालेला रोहित खाणं सोडून उडालेला असतो, आणि तसल्या फोटोत बहुतेक वेळा त्याची पाठच दिसते.

नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते, लांबचे फोटो मऊ पडतात. मग फक्त जवळचे पक्षी घ्या. टोपी, पाणी, कॅमेऱ्यावर टाकायला जुना टॉवेल आणि सुटे पैसे बरोबर असू द्या. जेवणात चिलापी मासळी हवी असेल तर होडीत बसण्याआधीच सांगून ठेवा.