खोक्यावरचे वॅट आणि रॅम्पवरचे वॅट

माझ्या इलेक्ट्रिक युनिसायकलच्या (दोन पेडलांवर उभं राहून चालवायचं, मोटरच्या जोरावर तोल सांभाळणारं एकच चाक) खोक्यावर ठळक अक्षरात '२००० वॅट' होतं. दादरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंग रॅम्पवर पहिल्याच दिवशी मोटरचा जोर कमी पडला, पेडल पुढे झुकलं नि गुडघा सोलला.

तेव्हा आधी विचारा, आकडा नॉमिनल की पीक? नॉमिनल म्हणजे मोटर जास्त न तापता सतत देईल तेवढं. पीक काही क्षणांपुरतं. दुकानदार 'तेच हो ते' म्हणाला, तर समजून जा.

मग बॅटरीचा हिशोब करा, खरी मेख तिथेच आहे. फुल चार्जला ८४ व्होल्ट देणाऱ्या पॅकमध्ये २० सेल ओळीने असतात, वापरात सरासरी ७२ व्होल्ट. समांतर ओळी दोन आणि प्रत्येक सेल सतत १० अँपिअर देणारा, तर २० अँपिअर. ७२ गुणिले २०, म्हणजे १४४० वॅट. मोटरवर काहीही छापू देत, सतत मिळणार एवढंच.

चाचणी अर्ध्या चार्जवर घ्या. फुल चार्जवर सगळीच चाकं शहाणी असतात. चार्ज उतरला की व्होल्टेज पडतं, वेगात जोर आधी संपतो. चालवणारा आणि चाक मिळून १०० किलो, १० टक्के चढ, ताशी १८ किलोमीटर: नुसत्या चढालाच सुमारे ५०० वॅट लागतात. हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालूनच बघा.