एल्क आणि म्यूल डिअरच्या शिकारीसाठी काडतुसाची निवड आणि रानातल्या नेमबाजीचा सराव

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार संपली. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी माणसाला रीतसर परवाना काढून शिकारीला जावेसे वाटते, त्याला घरात शिकवणारे कोणी नसते, आणि बंदुकीच्या दुकानातील काडतुसांच्या खोक्यांची लांबलचक रांग पाहून तो पहिला प्रश्न विचारतो तो ‘कोणते काडतूस घेऊ’ हाच. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर दुकानात नसून नेमबाजीच्या मैदानावर मिळते. रानात जशी मिळेल तशी बैठक, म्हणजे गोळी झाडताना शरीराची ठेवण, घेऊन किती अंतरावरून आपली पहिली गोळी खात्रीने लागते, हे एकदा कळले की काडतुसाचा प्रश्न बराच सोपा होतो. येथे कोलोराडो राज्य आणि तेथील म्यूल डिअर (लांब कानांचे हरीण) व एल्क (त्याहून बरेच मोठे हरीण) ही दोन सावजे गृहीत धरली आहेत, कारण एकाच रायफलीवर ही दोन्ही साधावीत अशी बहुतेक नवशिक्यांची अपेक्षा असते.

कायद्याचे थोडक्यात पाहू. कोलोराडोत या जनावरांसाठी रायफलीचा कॅलिबर, म्हणजे गोळीचा इंचांतील व्यास, किमान .२४ असावा लागतो. गोळी जनावरात शिरल्यावर फुलणारी असावी लागते. तिचे वजन म्यूल डिअरसाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचे छोटे एकक) आणि एल्कसाठी किमान ८५ ग्रेन असावे लागते. आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा उरावी लागते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवाना मिळत नाही. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या चालत नाहीत. एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. संघराज्याच्या कायद्याने त्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांपैकी एक म्हणजे मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून परवाना आधी आणि रायफल नंतर. ग्रीन कार्डधारकांना ही अट लागू नाही.

आता काडतुसांकडे वळू. .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६ चे, .२७० विंचेस्टर १९२५ चे, .३०८ विंचेस्टर १९५२ चे, .२४३ विंचेस्टर १९५५ चे, ७ मिमी-०८ रेमिंग्टन १९८० चे आणि ६.५ क्रीडमोर २००७ चे. सर्वांत जुने काडतूस शंभरी ओलांडूनही एल्कच्या शिकारीत टिकून आहे, यावरूनच नव्या नावांच्या जाहिरातींना किती महत्त्व द्यायचे ते ठरवावे. .२४३ आणि ७ मिमी-०८ ही दोन्ही .३०८ चेच पितळी कवच तोंडाशी आवळून तयार झालेली आहेत, म्हणजे दारूची जागा जवळपास तेवढीच आणि गोळी मात्र हलकी. गोळी जितकी हलकी, तितका खांद्याला बसणारा धक्का कमी. साधारण आठ पौंडांच्या रायफलीत.२४३ चा धक्का .३०८ च्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, तर .३०० विंचेस्टर मॅग्नम या जास्त दारूच्या काडतुसाचा .३०८ च्या सुमारे दीडपट भरतो.

हा धक्काच नवशिक्याचा खरा शत्रू आहे. चाप दाबण्याच्या क्षणी शरीर येणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने आधीच आखडते, डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते. नेम चुकतो आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. म्हणून पहिल्या रायफलीसाठी मॅग्नम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगकाठी लहान असेल तर ७ मिमी-०८ किंवा ६.५ क्रीडमोर घ्यावे. कोणत्याही गावातील दुकानात काडतुसे मिळावीत आणि सरावासाठी ती स्वस्त पडावीत असे वाटत असेल तर.३०८ घ्यावे. १०० ग्रेनची गोळी असलेले .२४३ एल्कसाठी कायद्यात बसते. तरीही ते अनुभवी हातांसाठी सोडून द्यावे, कारण एल्कच्या रुंद खांद्यावर थोडीही चूक झाली तर त्यात सावरून घ्यायला फारसा वाव उरत नाही.

काडतुसाच्या नावापेक्षा त्यातील गोळीची घडण अधिक महत्त्वाची असते, आणि दुकानात बहुतेक जण नेमके याच बाबीकडे दुर्लक्ष करतात. साधी सॉफ्ट पॉइंट गोळी, म्हणजे तांब्याच्या सालीत शिसे आणि टोकाला उघडे शिसे, म्यूल डिअरसाठी उत्तम आणि स्वस्त असते. पण जवळून, भर वेगात एल्कच्या जाड हाडावर आदळली तर ती आत पोचण्यापूर्वीच फुटून विखुरण्याची भीती असते. एल्कसाठी तीन प्रकार पाहावेत: शिसे आणि साल एकमेकांना पक्के जोडलेली बॉन्डेड गोळी, १९४८ पासून विकली जाणारी नॉस्लर पार्टिशन, जिच्या मध्यभागी आडवी भिंत असल्यामुळे पुढचा भाग फुलला तरी मागचा भाग शाबूत राहून खोल जातो, किंवा संपूर्ण तांब्याची गोळी. दोन-तीन प्रकारांचे एकेक खोके आणून प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडून पाहाव्यात आणि आपल्या नळीतून ज्या सर्वांत जवळजवळ पडतील त्याच घ्याव्यात. मग एकाच लॉट क्रमांकाची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, पुरेशी खोकी मोसमाआधीच भरून ठेवावीत. काडतुसाच्या बुडावर कोरलेले नाव आणि नळीवर कोरलेले नाव अक्षरशः एकच आहे याची दर वेळी खात्री करावी. .२७० विंचेस्टर आणि .२७० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम ही नावे सारखी वाटली तरी काडतुसे वेगळी आहेत, आणि येथील घोळ जिवावर बेतू शकतो.

दुर्बीण बसवल्यावर पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर झाडाव्यात. बहुतेक दुर्बिणींच्या चकतीची एक टिक (एक खाच फिरवणे) १०० यार्डांवर नेम पाव इंच सरकवते, म्हणून २५ यार्डांवर तेवढ्याच सरकण्यासाठी चौपट टिका द्याव्या लागतात. त्यानंतर १०० यार्डांवर यावे आणि गोळ्या नेमाच्या सुमारे दोन इंच वर पडतील अशी दुर्बीण लावावी. १५० ग्रेनच्या .३०८ मध्ये असा नेम २०० यार्डांवर बरोबर जुळतो आणि ३०० यार्डांवर गोळी साधारण आठ इंच खाली जाते. वाळूच्या पिशव्या आणि टेबल यांचे काम येथे संपते.

पुढचा सराव आठ इंच व्यासाच्या कागदी ताटलीवर करावा, कारण म्यूल डिअरच्या फुप्फुसांचा नेमण्याजोगा भाग साधारण तेवढाच धरला जातो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ज्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, त्यातील गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभे राहून या तिन्ही बैठका शिकाऱ्यालाही लागतातच; फरक इतकाच की शिकाऱ्याच्या अंगात ताठ जाकीट नसते आणि पायाखाली उतार असतो. पोटावर झोपून पाठपिशवीवर रायफल टेकवणे ही सर्वांत स्थिर बैठक आहे. मात्र टेकू दस्त्याच्या पुढच्या भागाला द्यावा, नळीला कधीही देऊ नये. कोलोराडोत झुडुपे आणि गवत यांमुळे झोपून समोरचे दिसतच नाही असे वारंवार घडते, म्हणून दोन्ही कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला टेकवून बसण्याची बैठक आणि तिपाई काठ्यांच्या आधाराने गुडघ्यावरची बैठक यांना सर्वाधिक वेळ द्यावा. आधाराविना उभ्याने गोळी झाडण्याची वेळ आली तर पन्नास यार्डांपलीकडे न झाडलेलेच बरे.

प्रत्येक बैठकीत ५० यार्डांपासून सुरुवात करून अंतर वाढवत जावे. पाच गोळ्यांपैकी पाचही ताटलीत पडत असतील तरच पुढे सरकावे. जेथे एक जरी गोळी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचे अंतर ही त्या बैठकीतील आपली मर्यादा. ती वहीत लिहून ठेवावी, कारण सावज समोर आल्यावर मनाला ती हवी तशी ताणण्याची सवय असते. थंड नळीतून सुटलेली दिवसाची पहिली गोळी वेगळी नोंदवावी. रानात बहुधा तीच एक संधी मिळते. थोडे धावून, धाप लागलेली असताना झाडलेल्या गोळ्यांचा हिशेबही वेगळा ठेवावा, कारण एल्क पुष्कळदा नऊ-दहा हजार फुटांवर असतात आणि तेथे चार पावले चढल्यावरही छाती भात्यासारखी चालते.

यासाठी दर आठवड्याला महागडी काडतुसे जाळण्याची गरज नाही. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसते त्या जागी) नकली काडतूस घालून घरी चाप दाबण्याचा सराव करावा. मैदानावर जोडीदाराला आपल्या नकळत खऱ्या काडतुसांत एखादे नकली मिसळायला सांगावे. ते नकली काडतूस आले की आपली दचक आपल्यालाच दिसते. .२२ ची रायफलही बैठकांच्या सरावाला उत्तम.

वारा आणि उतार यांचे गणित मर्यादेच्या आतच शिकावे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ च्या गोळीला ३०० यार्डांवर सहा-सात इंच बाजूला नेतो, म्हणजे ताटलीच्या मध्यावर धरलेला नेम ताटलीबाहेर जातो. तीस अंशांच्या उतारावर सरळ रेषेत ३०० यार्ड दिसणारे सावज गोळीच्या दृष्टीने २६० यार्डांवर असते. वर चढत असो वा खाली उतरत, आडवे अंतरच मोजावे.

जनावर बाजूने उभे असेल किंवा किंचित पलीकडे वळलेले असेल तेव्हाच चाप दाबावा, आणि नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या व मधल्या तृतीयांशांच्या सीमेवर धरावा. मागे मातीचा उतार नसेल आणि सावज डोंगराच्या कडेवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे असेल, तर गोळी झाडू नये. या काडतुसांची गोळी मैलोगणती जाऊ शकते. गोळी सुटल्याबरोबर दुसरे काडतूस भरावे, जनावर जेथे होते आणि जेथे दिसेनासे झाले त्या दोन्ही जागा खुणेच्या झाडाशी पक्क्या कराव्यात, आणि ते नजरेसमोर कोसळले नसेल तर अर्धा तास थांबूनच माग काढायला निघावे.

तळावर पोचल्यावर, मोसम उघडण्याच्या आदल्या दिवशी, परवानगी असलेल्या मैदानावर दोन गोळ्या झाडून दुर्बीण तपासावी. विमानात किंवा जीपच्या धक्क्यांत ती सरकलेली असू शकते. या गोळ्या शिकारीसाठी राखलेल्या त्याच लॉटच्या खोक्यातून घ्याव्यात. शिकारीच्या दिवसांत रायफल हातातून पडली, तर पुढचे सावज शोधण्याआधी हीच तपासणी पुन्हा करावी.